वर्षाचा वाफा

कम्युनियनच्या वेळी जुलियाना बायकांच्या रांगेत अशा बेताने उभी राहिली की पलीकडच्या पुरुषांच्या रांगेतले पप्पा तिच्या बरोबरीने पुढे सरकतील. मनोमन देवाची माफी मागून तिने वेदीवरची नजर काढली आणि पप्पांच्या गळ्यावर लावली. ओठांवर प्रार्थना चालू होती, पण डोळे आपलं काम करत होते. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत सुईच्या टोकाएवढ्या गोष्टी बघण्यात घालवलेली बाई. तिला चर्चमध्येसुद्धा डोळे मिटून उभं राहता येत नसे.

गेले सहा महिने दर रविवारी एक ठरलेला प्रकार चाले. फादर पवित्र भाकरीचा चतकोर मोडून पप्पांच्या तळहातावर ठेवत. पप्पा तो तोंडात घालत आणि आई, म्हणजे थेरेसा, पदराआडून पाण्याची बाटली पुढे करी. दोन घोट, तीन घोट, डोळ्यांत पाणी, मग कुठे ते खाली उतरे. एकदा तो चतकोरही उतरला नाही, रुमालात परत आला. देवाचं शरीर असं रुमालात घेऊन कुठे जायचं, हे फादरना विचारायची आईला चार दिवस हिंमत होईना. शेवटी फादर म्हणाले, पाण्यात विरघळू द्या आणि ते पाणी झाडाला घाला. आईने ते पाणी वाडीतल्या राजेळी केळीच्या बुडाशी ओतलं आणि तिथेच गुडघे टेकले.

आज फादर भाकर मोडायला लागले तसा पप्पांनी मान हलवली.

"अख्खी द्या, फादर."

फादरनी एक क्षण आईकडे बघितलं आणि अख्खी भाकर तळहातावर ठेवली. पप्पांनी ती तोंडात घातली. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. खोकला नाही, ठसका नाही. आईने पुढे केलेली बाटली त्यांनी हातानेच मागे सारली आणि बावन्न साली पहिलं कम्युनियन घेतलेल्या पोराच्या ऐटीत ते आपल्या बाकाकडे चालू लागले.

जुलियानाला आनंद झालाच. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. पण त्या आनंदाच्या पोटात काहीतरी टोचत होतं, कारण पप्पांची ती ऐट तिला ओळखीची होती. ती ऐट म्हणजे मनाशी काहीतरी पक्कं झालंय.

ते काय, हे घरी पोचल्यावर कळलं. शेजारपाजारचे चहाला जमले होते. पप्पांनी कपाटातून सुकेळीचा डबा काढला. राजेळी केळी धुरीत पिकवायची, सोलायची आणि आठवडाभर उन्हात वाळवायची, ही त्यांची स्वतःच्या हातची सुकेळी. आजारपण आल्यापासून त्यांनी तिला दात लावला नव्हता. एक तुकडा त्यांनी सगळ्यांसमोर चावून चावून गिळला.

"बघा," ते म्हणाले, "मळणीचं यंत्र सुरू झालं." सगळे हसले. मग ते जुलियानाकडे वळले. "बाय, तुझ्या डॉक्टरना सांग, तीन मार्चचं ते रद्द."

"पप्पा, असं रद्द नाही करता येत."

"का? सिनेमाचं तिकीट हाय काय? दुर्बीन घालून बघितलं ना त्यांनी? गाठ गेली, त्येच बोलले. जे नाय ते काय कापनार?"

"देवाने दिलंय," आई हळूच म्हणाली. "आता त्याच्या पुढं जायचं म्हणजे..." आणि वाक्य तिने तिथेच सोडलं.

देवाने दिलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यांच्यामध्ये एका लेकीने उभं राहायचं, तेही चहाचे कप वाटता वाटता, ही काही सोपी गोष्ट नव्हती. थोरला भाऊ बेसिल मस्कतला. तो फोनवर 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणून मोकळा व्हायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: औषध आणि किरणं यांनी गाठ वितळलीय, पण दिसत नाही म्हणजे नाही असं धरून चालायचं नाही. दोन महिन्यांच्या आत अन्ननलिकेचा तो भाग काढायला हवा. उशीर झाला तर आत सगळं घट्ट होतं आणि कापणं अवघड जातं. म्हणजे हातात होते बावीस दिवस.

जुलियानाचं मुंबईतल्या हॉस्पिटलातलं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे केसाच्या विसाव्या हिश्शाएवढे पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचपट्टीवर उचलायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. काचपट्टीवर नाव नसतं, नंबर असतो. निम्मी मुंबई तिच्या पात्याखालून गेली असेल, पण एकाचंही तोंड तिने पाहिलं नव्हतं. हे तिला इतकी वर्षं बरं वाटत आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिथे सुमेध आला. संशोधन करणारा, काडीसारखा, सकाळचा डबा संध्याकाळी आठवणारा मुलगा. तो अन्ननलिकेच्या गाठींतल्या मूळपेशी शोधत होता. त्याच्या मागे लागून जुलियानाने त्याचं म्हणणं समजून घेतलं होतं.

"मॅडम, गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात," तो सांगायचा. "बऱ्याचशा नुसती गर्दी करतात. थोड्याच अशा असतात की त्यांतली एक जरी उरली तरी आख्खी गाठ परत उभी करेल. औषधं मारतात ती भराभर वाढणाऱ्यांना. या आपल्या झोपून असतात, म्हणून वाचतात. आणि गाठीतून सुटून दुसरीकडे जाऊन बसणाऱ्या पण याच असाव्यात."

"असाव्यात म्हणजे?"

"स्तनाच्या आणि मेंदूच्या गाठींत बाहेरच्या लोकांना असं काही मिळालंय. अन्ननलिकेचं आत्ता कुठे बघायला घेतलंय. म्हणून तर तुमचं डोकं खातोय."

या पेशी ओळखायला त्याने एक द्रव मागवला होता. बोटभर बाटली, फ्रीजमध्ये कुलपात. तो लावला की बाकीच्या पेशी निळ्या राहतात आणि संशयित पेशींच्या कडा तपकिरी होतात. बाटली वापरायचा अधिकार दोघांनाच होता, सुमेधला आणि त्याच्यासाठी काप रंगवणाऱ्या जुलियानाला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली आणि जुलियानाने एकोणीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. मागच्या ऑगस्टमध्ये पप्पांच्या गाठीतून काढलेल्या पहिल्या तुकड्याचा ठोकळा तिने कपाटातून काढला. नंबर तिला आपल्या जन्मतारखेसारखा पाठ होता. त्याचा एक जादा काप घेतला आणि त्या बाटलीतले थेंब त्यावर सोडले. कुणाची परवानगी नाही, कुणाला विचारणं नाही.

चार वाजता तिने तो काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निळ्या गर्दीत तपकिरी कडांच्या पेशी होत्या, फार नाहीत, इथे दोन, तिथे पाच. पण तुकड्याच्या खालच्या काठाशी त्या एकामागून एक, बारीक ओळीने गाठीच्या बाहेर निघालेल्या दिसत होत्या. हे ऑगस्टमधलं चित्र होतं. म्हणजे पप्पा वाडीत पाणी सोडत होते, सणाला डुकराच्या मटणाचं सोरपोतेल खात होते, 'घास अडकतो गो जरा' एवढंच म्हणत होते, तेव्हाही या निघाल्या होत्या.

"हा नंबर माझ्या यादीत नाही, मॅडम." सुमेध मागे येऊन उभा होता.

"माझे पप्पा आहेत," ती म्हणाली. लपवायचं काही उरलंच नव्हतं. "नियम मोडलाय मी. वर सांगायचं तर सांग."

सुमेधने खुर्ची ओढली आणि काप बराच वेळ पाहिला. तो काही शोध लागल्यासारखं बोलेल अशी तिला धास्ती होती, पण तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "एका स्लाइडवरून मी काहीही सांगू शकत नाही, मॅडम. खरंच नाही. हे पेशंटला सांगण्याच्या लायकीचं व्हायला अजून कितीतरी वर्षं जातील. सर्जन काय म्हणतात?"

"काढा म्हणतात."

"मग काढा."

संध्याकाळी ती घरात न शिरता तशीच वाडीत गेली. सांडोरला त्यांची दीड एकराची वाडी: मध्ये बावखल, त्या पाण्याच्या कडेने राजेळी, भुरकेळ आणि थोडी अळूची पात. पप्पा आपल्या वर्षाच्या वाफ्याशी वाकले होते.

हा वर्षाचा वाफा हे बॅप्टिस्टचं, म्हणजे पप्पांचं, खूळ म्हणून अख्ख्या गावात प्रसिद्ध होतं. वसईत केळीचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटणारं पिल्लू, कुणी मागितला की हसत खणून द्यायचा अशी रीत. लेकीच्या सासरी, सोयऱ्याच्या वाडीत, नव्या घराच्या मागे, मुनवे असेच फिरत. पप्पा मात्र सोळा वर्षांपासून कुणालाही थेट मुनवा देत नसत. द्यायचाच तर आधी तो वेगळ्या वाफ्यात लावायचा, वर्षभर ती केळ वाढू द्यायची, पानं बघायची आणि रोगाचा मागमूस नसला तरच तिच्या बुडाचं पिल्लू द्यायचं. 'बॅप्टिस्टकडे मुनवा मागितलास तर नातवाला मिळेल,' असं लोक म्हणत. यामागचं कारण मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"पप्पा, केळ तोडली म्हणजे मेली का?"

पप्पा हसले. "मना केळी शिकवतेस काय? घड दिला की केळ तोडायचीच असते. खाली कंद असतो, त्यो नवी उभी करतो."

"तुमची गाठ वरून तोडलीय, पप्पा. कंदाचं कुणालाच माहीत नाही. दुर्बिणीला जमिनीवरचं तेवढं दिसतं."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता ते उखडतील, नाहीतर थट्टेवर नेतील. पण पप्पांचा हात मातीतच थांबला.

"म्हंजे पान हिरवं हाय म्हनून खाली बरं हाय असं नाय," ते म्हणाले.

"नाही."

ते बावखलापलीकडे बघत राहिले. तिथे पूर्वी प्लासिडची वाडी होती. आता कंपाउंडची भिंत होती आणि भिंतीमागे चार मजले. "जा घरात," ते म्हणाले. "मच्छर हायेत."

पुढचे दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. भात खाता येत असून नुसती पेज प्यायले. जुलियानाचा जीव टांगणीला लागला होता. कामावर तिचे दोन काप फाटले, कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलींचे फाटतात तसे. घरी आल्यावर ती आधी पप्पांचं तोंड बघायची, मग कॅलेंडर.

गुरुवारी ती कामाला निघणार एवढ्यात पप्पा चर्चची पँट आणि इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर उभे.

"आज सुट्टी घे. प्लासिडकडं जायचंय."

आईच्या हातातली बशी निसटता निसटता राहिली. प्लासिड हा पप्पांचा बालमित्र आणि जुलियानाचा धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन उभा राहिलेला माणूस. ब्याण्णव साली त्याच्या वाडीतल्या केळींना रोग लागला. पानं आखूड झाली, शेंड्याला गुच्छ धरून उभी राहिली, घड येईनात. दोन वर्षांत सगळी वाडी बसली, आणि त्याने ती बिल्डरला देऊन एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. रोगाच्या त्या पहिल्या वर्षापासून दोघांचं बोलणं बंद होतं. कुणी कुणाशी बंद केलं, हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

रिक्षा थेट प्लासिडच्या इमारतीशी थांबली. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना पप्पा तीनदा थांबले. दार प्लासिडनेच उघडलं. बनियन, चष्मा, हातात वर्तमानपत्र. तो आधी जुलियानाकडे बघून हसला आणि मग पप्पांकडे बघून त्याचं हसणं गेलं.

"बस," तो म्हणाला.

"नाय बसत. एक इचारायचंय." पप्पांना धाप लागली होती. "तुझ्या वाडीत रोग आला, तवा तू कंद खनून काढलेस, की वरून छाटलंस?"

प्लासिडने चष्मा काढला. "सोळा वर्षांनी जिना चढलास, त्यो ह्ये इचारायला?"

"सांग."

"छाटलं! तूच बोललास तसं. मुनवे तुझ्याकडचे, तूच दिलेस. रोग दिसला तसा मी तुझ्याकडं आलो, दोनदा इचारलं, बॅप्टिस्ट, खनू काय? तू बोललास, माझ्या वाडीतला कंद हाय, त्याला काय झालेलं नाय. पानं काढ, औषध मार. चांगला कंद कशाला फुकट घालवतोस."

"बोललो होतो."

"बोललास. मी ऐकलं. आता ह्या इथं बसतो, गॅलरीत तुळस हाय आनि एक कोरफड."

जुलियाना दाराशी उभी होती. तिला वाटलं, पप्पांना हाताला धरून खाली न्यावं. पण पप्पांनीच भिंतीला हात टेकवला आणि एका दमात बोलून टाकलं.

"तुझ्यानंतर दोन महिन्यांनी माझ्याकडं पन दिसला. दोन रांगा होत्या. मी सगळे कंद खनले आनि जाळले, म्हनून माझी वाडी वाचली. तवाच मना कळलं, तुला खनायला सांगायला पायजे होतं. तुझी अर्धी तरी तवा उभी होती. मी आलो नाय. माझ्या मुनव्यांनी तुझी वाडी खाल्ली, ह्ये तोंडाने बोलायची लाज वाटली मना."

प्लासिडचा चेहरा लाल झाला, मग उतरला. तो उठून आत गेला. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. म्हातारा आत काय करत होता देव जाणे, पण बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे पुसलेले होते आणि हातात पाण्याचा पेला होता.

"पी," तो म्हणाला. "घोट घोट पी. तुझं सगळं कानावर आलंय माझ्या."

पप्पांनी घोट घेतला.

"आता काय?" प्लासिडने विचारलं.

"आता माझा कंद काढायला सांगतोय. तीन मार्चला."

"मी येऊ काय?"

"रक्त लागनार हाय."

"माझं म्हातारं रक्त कोन घेतंय?"

"मग नुसता ये," पप्पा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

ऑपरेशन सात तास चाललं. अन्ननलिका काढून जठर वर ओढलं आणि गळ्याशी जोडलं. बाहेर बाकावर आई माळ जपत होती. शेजारी प्लासिड डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि दर तासाला 'आता टाके घालत असतील' असं आईला सांगत होता. काढलेला भाग त्याच संध्याकाळी जुलियानाच्या प्रयोगशाळेत आला. विभागाच्या प्रमुख डॉक्टर असलेल्या मोठ्या मॅडमनी तिला रजा घ्यायला सांगितली. ती नाही म्हणाली. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांच्या बापांचे काप काढत आली होती. आपल्या बापाचा दुसऱ्याच्या हातात द्यायला तिचं मन तयार होईना.

पहिले काप मॅडमनी पाहिले आणि तिला बोलावलं. "अन्ननलिकेत काही नाही, जुलियाना. नुसता व्रण आहे. एक जिवंत पेशी नाही."

ती डोळ्यांना झोंबणाऱ्या फॉर्मलिनचे कॅन ठेवतात त्या खोलीत जाऊन रडली, कारण तिथे डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही. मग तोंड धुऊन परत आली आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथींचे काप घ्यायला बसली. एकोणीस ग्रंथी होत्या. पंधरा स्वच्छ निघाल्या. सोळावीच्या कडेला सात-आठ पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. तिने पट्टी काढली, पुसली, परत ठेवली. त्या तिथेच होत्या. पुढच्या तीन ग्रंथींत काही नव्हतं.

या वेळी मॅडमच्या परवानगीने सुमेधने तो काप रंगवला. कडा तपकिरी आल्या. आपलं म्हणणं जुळताना दिसत होतं तरी त्याच्या तोंडावर समाधान नव्हतं.

"म्हणजे त्या आधीच निघून गेल्या होत्या," ती म्हणाली. "मग आपण उगाच फाडलं का रे त्यांना?"

"माहीत नाही, मॅडम," सुमेध म्हणाला. "तुमच्यापाशी खोटं कसं बोलू?"

हा प्रश्न पोटात घेऊन ती घरी आली. सतरा मार्चची संध्याकाळ. आदल्याच दिवशी घरी आणलेले पप्पा वाडीच्या तोंडाशी खुर्चीत बसले होते, पोटात घातलेल्या नळीवर शर्ट सैल सोडलेला. बावखलाच्या कडेला प्लासिड कुदळ घेऊन उकरत होता आणि मध्ये मध्ये 'ह्यो पाट चुकीचा काढलायस' म्हणून ओरडत होता.

"खाली काय मिळालं?" पप्पांनी विचारलं. आवाज अजून घोगरा होता.

"खाली साफ आहे."

"मग तुझं तोंड असं का?"

तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं. ठरवलेलं सगळं त्या एका प्रश्नासरशी गेलं. "एक मुनवा आधीच बाहेर पडला होता, पप्पा."

"कुठं?"

तिने आपल्या छातीच्या हाडाखाली बोट ठेवलं.

"एकच?"

"दिसला तेवढा एक."

पप्पांनी मान डोलावली. बाजारात आपल्याच घडाचा भाव ऐकावा तशी, नवल नाही आणि तक्रारही नाही.

"मी तुमच्या मागे लागले नसते तर..." जुलियाना रडायला लागली. "निदान तोंडाने जेवला असतात. सुकेळी खाल्ली असतीत."

"रडू नको. इकडं बघ." त्यांनी तिचं मनगट धरलं. हात नुसता हाडांचा होता, पण पकड केळ उपटणाऱ्याची होती. "प्लासिडला मी बोललो, नुसतं छाट. माझ्या बारीला मी खनलं. बाहेर काय गेलं असंल त्ये देवाचं. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, बाय. तुझ्यामुळं केलं. आता मना त्याच्या तोंडाकडं बघता येतं."

मग त्यांनी मान वळवून हाक मारली. "प्लासिड! त्या कडेच्या राजेळीचा मुनवा काढ. कंदासकट. वाफ्यात लाव."

"कुनासाठी?"

"तुझ्यासाठी."

"आनि मी पिल्लू लावू कुठं? गॅलरीत, तुळशीच्या डोक्यावर?"

"त्ये तू बघ. पन वर्षाआधी मिळनार नाय. पानं जुलियाना बघंल."

मी बघीन असं ते म्हणाले नाहीत. तिघांनाही ते ऐकू आलं.

दिवाळीच्या सुमारास पप्पांचे डोळे काविळीसारखे पिवळे झाले. तपासणीत यकृतात ठिपके दिसले. रविवारी फादर घरी येऊ लागले. भाकरीचा अर्धा, मग चतकोर, मग कणभर तुकडा चमच्यातल्या पाण्यात भिजवून देऊ लागले. चमचा प्लासिड धरायचा. नाताळ झाला आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, खिडकीतून वाडी दिसत असताना पप्पा गेले. गाव लोटलं होतं. प्लासिडने खांदा दिला, स्वतःला धाप लागली तरी शेवटपर्यंत सोडला नाही.

जुलियाना तिसऱ्या दिवशी कामाला गेली आणि त्याआधी वाफ्यावर. रोजच जात होती. पान रुंद आहे ना, देठावर गडद रेघा नाहीत ना, शेंडा मोकळा आहे ना. प्रयोगशाळेतलं जुनं भिंग ती वाडीत आणायची. "केळीला काय चष्मा लावतेस?" आई विचारायची, आणि मग तीही शेजारी उभी राहून पान चाचपायची. केळ माणसाच्या डोक्यावर गेली. तिच्या बुडाला तीन पिल्लं फुटली.

सतरा मार्चला सकाळी जुलियानाने पहार घेतली. पप्पा कडेने खणायचे तशी कडेने खणत गेली, तरी हाताला फोड आले. मुनवा कंदासकट निघाला. तो ओल्या गोणपाटात बांधून, रिक्षात मांडीवर घेऊन ती एव्हरशाईन सिटीत पोचली.

प्लासिड इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीशी वाट बघत होता. टाकी भरून वाहते तिथली जमीन कायम ओली असे. सोसायटीच्या लोकांशी महिनाभर भांडून त्याने तिथली दोन हात जागा मिळवली होती आणि गुडघाभर खड्डा खणून ठेवला होता.

"वर्ष झालं?" त्याने विचारलं.

"आज झालं."

त्याने गोणपाट सोडलं. कंद हातात घेऊन सगळीकडून फिरवला, अंगठ्याच्या नखाने एका जागी माती खरवडली. आत पांढराशुभ्र होता.

"साफ हाय," तो म्हणाला.

"दिसतोय तेवढा," जुलियाना म्हणाली.

प्लासिडने तिच्याकडे बघितलं आणि मुनवा खड्ड्यात ठेवला. ती गुडघ्यांवर बसली आणि तो सरळ धरून राहिली. प्लासिड हातांनी माती लोटत होता, हळूहळू, घाई न करता.